भजनानंतरचा पाऊण तास : गावातल्या पुरुषांना मनातलं बोलता यावं म्हणून बैठक कशी बसवावी

मराठवाड्यातल्या गडीमाणसाला ‘तुला नैराश्य आलंय का?’ असं विचारलं तर तो नाही म्हणतो. ‘झोप लागती का?’ असं विचारलं तर म्हणतो, ‘कुठली झोप, दोन वाजल्यापासून आढ्याकडं बघत पडतो.’ डोकं जड राहतंय, छातीत धडधडतंय, जेवण गोड लागंना, कशात मन रमंना, अंगात राम नाही. त्याचं दुखणं या शब्दांत असतं. ते घेऊन तो दवाखान्यात जातो आणि ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन परत येतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत शंभरामागे सुमारे ७२ पुरुष होते.

हाच माणूस एकादशीला टाळ वाजवताना डोळे मिटून घळाघळा रडतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. भीमजयंतीला गाण्याच्या एका कडव्यावर त्याचा आवाज फुटतो. दर्ग्यात कव्वाली ऐकताना तो डोकं खाली घालून बसतो. म्हणजे मन मोकळं करायची जागा गावात आहे, फक्त तिथून पुढं रस्ता नाही. तो रस्ता कसा बांधायचा ते इथं सांगितलं आहे. ज्यांच्या हाताशी भजनी मंडळ, विहारातली वंदना, हलगीचा ताफा, शाहिरी पथक किंवा दर्ग्याची मैफल यांतलं काहीही आहे, त्यांना ते वापरता येईल. क्रम मात्र मोडू नका : आधी गाणं, मग बोलणं, आणि गरज असेल त्याला दवाखाना. बैठक म्हणजे उपचार नव्हे. ती दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत करते.

ही वाट आधी कोणी चालली

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांपुढं हाच पेच होता, आणि त्यांच्यामागं आपल्यासारखाच अपमानाचा इतिहास होता. गोऱ्यांच्या चर्चमध्ये त्यांना प्रार्थनेलाही वेगळं बसवलं जाई. त्याला कंटाळून फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये स्वतःचं बेथेल चर्च उभं केलं. पुढं १८१६ मध्ये त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ झाला. त्या चर्चमध्ये एकानं ओळ टाकायची आणि सगळ्यांनी उचलायची, ही गायनाची रीत आहे. आपल्याकडं मुख्य गायक चरण म्हणतो आणि मागचे टाळकरी धृपद धरतात, तशीच ती आहे.

डॉक्टरांवरचा त्यांचा अविश्वासही उगाच नव्हता. अलाबामातल्या टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश मुद्दाम बिनउपचाराचा ठेवला. रोग पुढं कसा वाढतो एवढंच त्यांना बघायचं होतं. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही ते या माणसांना दिलं नाही. अशा समाजाला ‘दवाखान्यात जा’ असं नुसतं सांगून भागत नाही. म्हणून काम करणाऱ्यांनी पुरुष जिथं निर्धास्त बसतात ती जागा शोधली : चर्च आणि न्हाव्याचं दुकान. लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांत ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर रक्तदाबाचा एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दुकानांत औषध देणारा तज्ज्ञ स्वतः येऊन बसला, तिथं सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. जिथं न्हाव्यानं फक्त ‘डॉक्टरकडं जा’ असं सांगितलं, तिथं ९ अंकांनीच उतरला. अर्कान्सासमध्ये २०१६ साली सुरू झालेली ‘कन्फेस प्रोजेक्ट’ ही संस्था न्हाव्यांना गिऱ्हाइकाच्या मनाचं ऐकायला शिकवते.

यातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं : विश्वासाची जागा आधी, आणि त्या जागी मदत चालत आली पाहिजे. नुसता सल्ला देऊन तिसरा हिस्साच काम होतं.

जागा

यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश ठरवा.

मंदिराचा पार सोयीचा दिसतो, पण तो गावातल्या प्रत्येकाचा असतो का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. ज्या पारावर एखाद्याचा बाप पायरीखाली उभा राहायचा, तिथं तो मनातलं काय बोलणार? अशा गावात शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची ओसरी बघा. तेही जमत नसेल तर दोन वेगळ्या बैठका चालू द्या, एक मंदिरात आणि एक विहारात. कडेला बसवलेल्या माणसासह एक बैठक करण्यापेक्षा दोन बऱ्या. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लाखोंना स्वतःचं घर मिळालं. त्या घरात बसून बोलण्याचं मोल दुसऱ्याच्या अंगणात मिळत नाही.

जमिनीवर सतरंजी टाकून गोल बसा. देवाकडं तोंड करून रांगेत बसलं की सगळ्यांना एकमेकांच्या पाठी दिसतात. सरपंच असो की गुरुजी, कोणालाही खुर्ची नको. ज्याचे गुडघे दुखतात त्याला भिंतीला टेकून बसू द्या.

माईक लावू नका, हे कितीही सांगितलं तरी कमीच आहे. माईक आला की एक जण गायक होतो आणि बाकीचे श्रोते. शिवाय तो बंद करायचा राहिला तर एखाद्याचं रडणं वाडी-तांड्यापर्यंत जातं. असं एकदा झालं की ती बैठक पुन्हा भरत नाही.

माणसं किती, कोण

आठ ते बारा. सहाच्या खाली आले तर प्रत्येकावर बोलायचा दाब येतो. पंधराच्या वर गेले तर दोन गोल करा.

चालवणारे दोघं हवेत, एक कधीच नको. एक जण गाण्याकडं बघेल, दुसरा माणसांकडं. दुसऱ्यानं गायचं कमी आणि चेहरे बघायचे जास्त. गावच्या न्हाव्याला यात घ्याच. दर पंधरा दिवसांनी गावातलं प्रत्येक डोकं त्याच्या हाताखालून जातं. कोण दाढी वाढवून फिरतोय आणि कोण खुर्चीत बसून एक शब्द बोलत नाही, हे त्याला घरच्यांच्या आधी कळतं. कीर्तनकार महाराज आले तर चांगलंच, पण त्यांना आधी बाजूला घेऊन सांगा : ‘महाराज, इथं निरूपण नको, नुसतं ऐकायचंय.’ बोलण्याची सवय असलेल्यांना ऐकणं जड जातं. पहिल्या दोन बैठका त्यांना गाण्यापुरतंच ठेवा.

ज्याच्याकडून गावानं व्याजानं पैसे घेतले आहेत त्याला गोलात बसवू नका. बचत गटाची वसुली, भिशी, निवडणूक यांतलं काहीही या वेळेत नको. पीक विमा आणि अनुदान यांच्या चौकशीसाठी वेगळा दिवस ठेवा. ती चर्चा एकदा सुरू झाली की मनाचं बोलणं मागं पडतं, कारण तलाठ्याबद्दल बोलणं सगळ्यांनाच सोपं जातं.

गाण्याचा अर्धा तास

सामान थोडकं लागतं : टाळांच्या आठ-दहा जोड्या, एक पखवाज, असेल तर पेटी. विहारात ढोलकी आणि पेटी पुरे. पखवाजाच्या धुमेची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक बसण्याआधी ताजी लावा. कणीक सुकली की धूम घुमत नाही, वादक जोर लावतो, जोरानं लय चढते, आणि चढत्या लयीत भजन म्हणजे स्पर्धा होते.

पट्टी नेहमीच्या भजनापेक्षा दोन सूर खाली घ्या. मंडळांना उंच पट्टीची हौस असते, आणि त्यात ज्याला आवाज नाही तो ओठ हलवत बसतो. इथं प्रत्येकाचा आवाज बाहेर आला पाहिजे. लय इतकी संथ ठेवा की एक चरण एका श्वासात पुरा होईल. हे नुसतं गोड वाटतं म्हणून सांगत नाही. गाताना श्वास पटकन आत जातो आणि हळूहळू बाहेर पडतो. बाहेर सोडायचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके उतरतात आणि आवळलेलं अंग सैल पडतं. दहा माणसं एकाच धृपदावर असली की त्यांचे श्वासही एका तालात येतात. नंतरच्या बोलण्यासाठी लागणारी शांतता अशी तयार होते.

आता गाणी कोणती? बहुतेक जण आनंदाच्या, रूपवर्णनाच्या अभंगांनी सुरुवात करतात. आमचं मत वेगळं आहे : सुरुवात गाऱ्हाण्यानं करा. आपल्या परंपरेत देवाशी भांडायला पूर्ण मुभा आहे. गंगाखेडच्या जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या, नरसीच्या नामदेवांनी त्याला जाब विचारला, चोखोबांनी दाराबाहेर उभं राहून आपलं दुःख मांडलं. ज्याचं पीक गेलंय त्याला पहिल्याच गाण्यात ‘सगळं छान आहे’ म्हणायला लावलं की त्याचं तोंड मिटतं. तक्रारीची दोन गाणी, मग धीर देणारं एक, आणि शेवटी दोन मिनिटं नुसता नामगजर किंवा नुसतं मौन. विहारात हेच त्रिसरणानंतर आनापानानं करा : पाच मिनिटं येणारा-जाणारा श्वास बघायचा, दुसरं काही नाही. दर्ग्याच्या मैफलीत कव्वालांना शेवटची ओळ संथ करत न्यायला सांगा, मग थेट बोलण्याकडं वळता येतं.

ज्याचा देवावर विश्वास नाही त्याला टाळ द्या. टाळ वाजवायला श्रद्धा लागत नाही, आणि हाताला काम असलं की तोंड हळूहळू उघडतं.

बोलण्याचा पाऊण तास

टाळ खाली ठेवले की कोणी उठायच्या आत चहा आणा. चहा उशिरा आला तर निम्मे चपला शोधतात. चहा हातात असताना चालवणाऱ्यानं दर वेळी हेच तीन नियम म्हणायचे, पाठ असले तरी म्हणायचे :

इथलं बोलणं इथंच राहील, घरी बायकोलाही सांगायचं नाही. एकच अपवाद : कोणाच्या जिवाला धोका वाटला तर आम्ही दोघं त्याच्या घरी आणि डॉक्टरांना सांगू, आणि हे आत्ताच सांगून ठेवतो.

विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

ज्याला बोलायचं नाही त्यानं ‘पुढं’ म्हणायचं, कारण विचारलं जाणार नाही.

अपवादाचं वाक्य गाळायचा मोह होतो, कारण त्यानं माणसं बिचकतील असं वाटतं. ते गाळलं आणि पुढं खरंच घरी सांगायची वेळ आली, तर त्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं आणि बाकीचेही पुन्हा बोलत नाहीत.

पहिला प्रश्न अंगाचा ठेवा, मनाचा नको : ‘या आठवड्यात झोप कशी होती?’ गोलात प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं. दुसऱ्या फेरीत : ‘या आठवड्यात कशाचं ओझं वाटलं?’ पहिल्या तीन बैठकांत पावसाच्या आणि भावाच्या पुढं कोणी जात नाही. त्यानं हिरमुसू नका. साधारण चौथ्या-पाचव्या वेळी एखादा म्हणतो, ‘मला घरी जाऊच वाटंना.’ तेव्हा काय करायचं? गप्प बसायचं. दहापर्यंत मनात मोजा. मग एवढंच म्हणा : ‘कधीपासून असं होतंय, तात्या?’ वयानं मोठ्याला तात्या, नाना, बापू. बरोबरीच्याला दादा, भाऊ. नावापुढं साहेब लावलं की अंतर पडतं.

काही वाक्यं ठरवून बंद करा. ‘मर्दासारखा राहा’, ‘त्याच्याकडं बघ, त्याला तर काहीच नाही’, ‘सगळं त्याच्या हातात’. शेवटचं वाक्य श्रद्धेचं वाटतं, पण समोरच्याला ऐकू येतं ते ‘तुझं बोलणं संपव’.

कोणी रडलं तर पाठीवर थोपटून गप्प करू नका. पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवा, थांबा, आणि तो स्वतः म्हणाला की पुढं चला.

वहीत फक्त हजेरी लिहा. कोण काय बोललं याचं एक अक्षर नको. हजेरीचा उपयोग मात्र मोठा आहे : जो सलग दोन वेळा आला नाही त्याच्याकडं तिसऱ्या दिवशी कोणीतरी चालत जायचं. फोन नको. फोनवर सगळे ‘बरंय’ म्हणतात.

ज्यांना स्वतःचं बोलता येत नाही त्यांच्यासाठी

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारूडाला जे रूप दिलं, त्यात मनाच्या कामाची मोठी युक्ती आहे. माणूस सोंग घेतो आणि सोंगाच्या तोंडून खरं बोलतो. महिन्यातून एक बैठक याला द्या.

सोपी रीत अशी. एक सोंग निवडा : वासुदेव, जोशी, तराळ, नाहीतर आजच्यातलं कोणी, म्हणजे बँकेचा शिपाई, ऊसतोडीचा मुकादम, बाजारातला अडत्या. सगळ्यांनी मिळून एक धृपद करा. छोट्या अभंगाचा छंद सगळ्यांत सोपा पडतो : दोन चरण, प्रत्येकात आठ अक्षरं, शेवटी यमक. उदाहरणार्थ, ‘रान कोरडं पडलं, कुणापाशी न बोललं’. अक्षरं बोटांवर मोजा, जोडाक्षर एकच धरा. मग प्रत्येकानं सोंगाच्या तोंडून एक कडवं जोडायचं. मोठ्या अभंगाला सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. ते नंतर, हात बसल्यावर. मात्र एक लक्षात ठेवा : ‘हे तुझंच आहे ना?’ असं सोंग उतरल्यावर कधी विचारायचं नाही. ज्याला सांगायचंय तो चपला घालताना स्वतः थांबतो.

गाणं नको असणाऱ्यांसाठी कापड आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांनी पासोडीवर, म्हणजे जाड कापडी पांघरुणावर, ग्रंथ लिहिला, ती पासोडी आजही तिथं जपलेली आहे. त्याच धाग्यानं जाऊ. पाच मीटर मांजरपाट घ्या, धुऊन त्याची मूळ खळ काढा आणि पातळ कांजी लावून वाळवा. कांजी लावली नाही तर रंग कापडात पसरतो आणि अक्षर फुटतं. रंगाला गेरू, चुना, कोळशाची पूड पुरे. डिंक एक वाटी, पाणी चार वाट्या, रात्रभर भिजवून गाळा, त्यात रंग कालवा. डिंक जास्त झाला तर घडी घालताना रंगाचे पापुद्रे निघतात. हा रंग धुतला की जातो, म्हणून कापड गुंडाळून कोरडं ठेवा. कापडावर एक लांब रेघ ओढा आणि तिच्यावर सालं मांडा. मराठवाड्यातली माणसं आपलं आयुष्य दुष्काळांनी मोजतात : ७२ चा दुष्काळ, २०१२-१३ चा, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो २०१६ चा उन्हाळा. त्या सालांच्या वर-खाली प्रत्येकानं आपली एक खूण काढायची, लग्न, बोअर, बापाचं जाणं, काहीही.

लातूर-धाराशिव भागात या रेघेवर ३० सप्टेंबर १९९३ येणारच. किल्लारीच्या भूकंपाची ती पहाट आजही अनेकांना गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी धस्स करून उठवते. त्या खुणेपाशी कोणी थांबला तर ‘काय काय झालं ते सांग’ असा तपशील उकरू नका. दोन्ही पाय जमिनीवर टेकवायला सांगा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा, आणि बाहेर हवेला न्या. आठवण उकरून काढणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे.

श्रद्धा कुठं अपाय करते

माळ घालणं ही दारू सोडायची मराठवाड्यातली सगळ्यात जुनी आणि खरी वाट आहे. हजारोंनी त्या वाटेनं सोडली. पण जो वर्षानुवर्षं रोज पितो आणि सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्याबरोबर घोट घेतो, त्यानं एकादशीला माळ घातली आणि त्याच दिवशी एकदम बंद केली तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस भ्रमात जातो : भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि त्याला देवऋष्याकडं नेतात. तो असतो दारू तुटल्याचा आजार, आणि त्याला तातडीनं दवाखाना लागतो. म्हणून माळेची तारीख आधी डॉक्टरांना सांगा. ते आठवडाभराच्या उतरत्या मात्रेच्या गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व देतात. माळ आणि गोळी एकाच दिवशी सुरू करायची.

सप्ताहातला रात्रीचा पहारा आणि जागर ज्याला उन्मादाचा आजार आहे त्याला देऊ नका. अशा माणसाची दोन-तीन रात्री झोप गेली की आजार उसळतो. तो चार माणसांचं काम करतो, झोपत नाही, स्वतःला देवाचा दूत म्हणवतो, आणि गावाला वाटतं महाराज सिद्ध झाले. त्याला सकाळची काकड आरती द्या. अशांपैकी काहींना लिथियमची गोळी असते. वारीत ऊन, घाम आणि निर्जळी उपवास यांनी तिचं रक्तातलं प्रमाण वाढून विषबाधा होते. वारीला जाण्याआधी डॉक्टरांना भेटणं, परत येईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या आणि वर चार दिवसांच्या जास्त, निर्जळीला सूट : हे तिन्ही पक्कं करूनच त्याला दिंडीत धाडा.

देवऋष्याशी भांडू नका, त्याला बरोबर घ्या. ‘अंगारा लावा, पण गोळी चालू ठेवायला सांगा’ एवढं त्यानं म्हटलं की घरचे ऐकतात. तीन गोष्टींना मात्र अजिबात मुभा नाही : साखळीनं बांधणं, मारणं, गोळी बंद करायला लावणं. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या जागेला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आलं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा त्यात गुन्हा आहे.

दवाखान्यापर्यंत

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली, कामाला हात लागेना, कशातच गोडी राहिली नाही, तर डॉक्टर. कानात आवाज येतात, कोणी मागावर आहे असं वाटतं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. अशा माणसाला गाण्याच्या गोलात बसवू नका, गोंगाटानं त्याचा त्रास वाढतो.

मरणाचं सरळ विचारा. ‘जीव नको वाटतो का? मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. दोघांपैकी एकानं सोबत राहायचं, दुसऱ्यानं घरच्यांशी बोलायचं. फवारणीची औषधं त्या घरातून काढून काही आठवडे दुसरीकडं ठेवायची. तिथूनच १४४१६ ला फोन लावायचा : ही टेलि-मानसची सरकारी सेवा २०२२ पासून चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन लावून त्याच्या कानाशी द्या, नंबर लिहून देऊ नका. काही करून बसला असेल तर १०८. पोलीस केसच्या भीतीनं घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावात होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

राज्यातली जुनी चारही मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथं आहेत, मराठवाड्यात एकही नाही. पण बहुतेकांना तिथं जायची गरजच नसते. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पहिल्या खेपेला बैठकीतला एक जण सोबत जाऊ द्या. केसपेपरची रांग, कोणत्या खोलीत जायचं, डॉक्टर कोणत्या वारी असतात, ही माहिती आधी काढून ठेवा. पहिल्यांदा नुसतं हेलपाटं झालं तर तो दुसऱ्यांदा जात नाही.

गोळ्यांबद्दल गोलात उघड बोला. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, गरगर होऊ शकते, आणि नेमकी तिथंच ती सोडली जाते. बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने चालू ठेवावी लागते. मनानं बंद करू नका, कमी करायची तीही डॉक्टरांनी. या गोळीची सवय लागत नाही. झोपेच्या गोळीची लागू शकते, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका.

वर्षाचं गणित

बैठक आठवड्याला एक, वार ठरलेला. पेरणीच्या पंधरवड्यात अर्ध्या तासावर आणा पण बंद करू नका. मार्चअखेर, कर्जाचं नवं-जुनं करायच्या दिवसांत, आणि सोयाबीन काढणीच्या पावसात ती आठवड्यातून दोनदा घ्या. दिवाळीत सगळे आनंदात असतात असं धरू नका. ज्याच्या घरी गोडधोड झालं नाही तो त्या आठवड्यात येत नाही, त्याच्याकडं जा. चालवणारी जोडी दर तीन महिन्यांनी बदला, कारण दुसऱ्याचं ओझं ऐकून ऐकून त्यांचीही झोप जाते.

बीड, धाराशिव, जालना भागातले पुष्कळ गडी दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नाही, बायको आजारी, पोरं फडात, अशी सगळ्यात वाईट रात्र त्यांना तिथल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, येते, आणि तेव्हा गोल लांब असतो. म्हणून निघण्याआधीच्या शेवटच्या बैठकीत जोड्या लावा : गावात राहणारा एक, जाणारा एक. फोनची वेळ ठरवा, फड सुटल्यावर, आठवड्यातून एकदा. तिथं दोघा-तिघांना टाळ बरोबर न्यायला लावा आणि १४४१६ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये स्वतःच्या हातानं टाकून द्या. टोळी परतल्यावर पहिली बैठक आठ दिवसांच्या आत लावा, आणि त्या दिवशी जे परतले त्यांनाच आधी बोलू द्या.